हिरव्या गाडीचे चार काटे

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. बस दोन तास उशिरा आली, बॅगेचं एक चाक स्टँडवरच निखळलं आणि हत्यारांच्या पेटीने खांदा पार मोडून ठेवला, तरी आज मी खुशीत आहे. आठ महिन्यांनी हातात धड नोकरी आली आहे, आणि तीही माझ्या कामाची. गाड्यांचं वायरिंग. बायकांना ते जमत नाही असं ज्यांनी ज्यांनी मला तोंडावर सांगितलं, त्यांची यादी केली तर ही वही पुरायची नाही.

खोली गॅरेजच्या आवारातच आहे, सुट्या भागांच्या स्टोअरच्या वर. लोखंडी जिना, एक खाट, एक टेबल, एक खिडकी. नळाला पाणी येतं आणि बटण दाबलं की बल्ब लागतो. आमच्या धंद्यातलं माणूस एवढ्यावर खूश असतं. खिडकीतून समोर गॅरेजची शेड दिसते आणि शेडच्या वर मालकांचं घर. त्या घराच्या एका खिडकीला जाड पडदा आहे. मालकीणबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत, हे मालकांनी स्वतःच सांगितलं. माणूस बोलायला गोड. नखं मात्र एकदम स्वच्छ, म्हणजे कामं दुसऱ्यांकडून करून घेणारा. त्यांनी माझं सर्टिफिकेट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. तब्येत कशी असते, झोप लागते का, घराण्यात काही दुखणंबिखणं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझे बाबा पंच्याहत्तरीत ट्रकची बॅटरी उचलायचे, आणि मी त्यांचीच लेक आणि त्यांचीच शागीर्द.

ठरलं ते असं. महिनाभर काम बघायचं. मागच्या बाजूला एक जुनी हिरवी गाडी उभी आहे, तिचे मीटर बंद आहेत. ते मी चालू केले की नोकरी कायम आणि भिंगरीला इथे आणायची परवानगी. भिंगरी सहा वर्षांची आहे आणि माझं जुनं काम सुटल्यापासून ताईकडे आहे. ताई तिला जीव लावते, तो प्रश्नच नाही. पण परवा फोनवर भिंगरी मला चुकून मावशी म्हणाली. दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. तिचा बाप तर कधीचाच पसार झाला आहे, आता आईही मावशी झाली तर त्या पोरीने कोणाकडे बघायचं? ही वही तिच्यासाठीच आहे. वाचायला लागली की तिला कळेल, आई या दिवसांत काय करत होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गॅरेजात तिघं आहेत. मिस्त्री साठीचा, पुढचे दात नसलेला, बोलला तर उपकार केल्यासारखा. डेंटर, दिवसभर पत्रे ठोकत बसणारा. आणि पेंटर, जो तोंडावरचं फडकं जेवतानाच काढतो. मी सकाळी जाऊन माझं नाव सांगायला लागले तर मिस्त्रीने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाला, नावबिव नको, वायरवाली पुरे. मी म्हटलं, ठीक आहे, दातपडक्या मिस्त्री. हे मनात म्हटलं. पहिला दिवस होता.

दुपारी डबा घेऊन त्यांच्याजवळ बसले तर तिघंही आपापले डबे उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. मी एका फाटक्या टायरवर बसून एकटीने जेवले. मुद्दाम सावकाश जेवले. मागितलेला पाना मिळत नाही, विचारलेल्याला उत्तर मिळत नाही. डेंटर तर मी समोर आले की मान फिरवतो. बाईमाणूस त्यांच्यात आलं म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. असले खूप पाहिले.

ऑफिसबाहेर कामगारांची पाटी आहे. मिस्त्री, डेंटर, पेंटर यांची नावं जुनी, रंग उडालेली. वायरिंगच्या पुढची पट्टी तेवढी जाड दिसते. नखाने खरवडून पाहिलं, खाली एकावर एक पुसलेल्या नावांचे चार थर आहेत. वरच्या पाचव्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून हिरवी गाडी. लांबलचक, जड, आतून स्वच्छ. डॅशबोर्डवर चार गोल मीटर: पेट्रोल, इंजिनाची गरमी, वेग आणि चार्जिंग. चार्जिंगचा काटा मधोमध शून्यावर असतो. उजवीकडे गेला तर बॅटरीत करंट येतोय, डावीकडे गेला तर जातोय. चारही काटे मेलेले.

एक मीटर बंद असेल तर त्याच्यात बिघाड. सगळेच बंद असतील तर बिघाड त्यांच्या सामायिक रस्त्यात. हे बाबांनी मला मी भिंगरीएवढी असताना शिकवलं. करंट जातो तसा त्याला परत यावं लागतं; जायची वायर ठीक असली आणि परतीची, म्हणजे अर्थिंगची, तुटलेली असली तर सगळा खेळ ठप्प. फ्यूज पाहिला, चांगला. टाकीतल्या फ्लोटची, म्हणजे पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याची, वायर काढून बॉडीला टेकवली; काटा पूर्ण वर जायला हवा होता, जागचा हलला नाही. टेस्ट लॅम्प लावला. मीटरपर्यंत करंट व्यवस्थित येतोय. म्हणजे अर्थिंग. मी नवी वायर घेऊन मीटरच्या मागून थेट बॉडीला जोडली. तरीही काही नाही. असं होत नसतं.

डॅशबोर्ड खोलून वायरिंगचा अख्खा जुडगा बाहेर काढला तेव्हा दिसलं की यावर माझ्याआधी चार हातांनी काम केलं आहे. वायरमनची टेप म्हणजे त्याची सही. एकाने डावीकडून गुंडाळली आहे, एकाने दर बोटभर अंतरावर गाठ मारली आहे, एक फार नेटका, आणि चौथ्याची टेप अर्ध्या वायरवरच संपली आहे. टेपचा रोल तिथेच लोंबत होता, आत, अंधारात. काम अर्धवट टाकून जाणारे खूप असतात. पण आपली टेप कोणी टाकून जात नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

चालू झाले! चारही!

खरं तर आळसाने चालू झाले. त्या अर्धवट टेपच्या खाली एक काळी अर्थ वायर सापडली, तिचं टोक गंजलं होतं. ताजं तांबं मोकळं करायला वायर सोलायला हवी होती. सोलायची पक्कड हाताला लागेना, मग नेहमीसारखी दातांनीच सोलली. या सवयीपायी बाबा मला किती बोलले आहेत, पण आमच्यातलं कोण तसं करत नाही? बारा व्होल्टला कोण घाबरतं? वायर दातात होती आणि डावा हात डॅशबोर्डच्या उघड्या पत्र्यावर टेकलेला होता. जिभेला आंबट तांब्याची चव आली, दाढेतून कानापर्यंत कळ गेली, आणि समोर चारही काटे एकदम ताडकन उठले.

मी आनंदाने ओरडले. डेंटरचा हातोडा थांबला. मिस्त्री आला, काट्यांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेला. मालक मात्र जिन्यावरून धावत आले. मीटरच्या काचेवरून हात फिरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नोकरी कायम. भिंगरीला फोन केला. ती विचारत होती की नव्या घरात मांजर पाळायचं का. मी म्हटलं, दोन पाळू.

१० फेब्रुवारी, सोमवार

दाढा बधिर आहेत. चहाची चव लागत नाही. हात गार पडतात.

गाडी देण्याआधी एकदा सगळं तपासावं म्हणून बसले तर डोकं चक्रावलं. पेट्रोलचा काटा पूर्ण भरल्याच्या खुणेच्या केसभर खाली आहे. टाकी उघडून काठी घातली, कोरडी ठणठणीत. वेगाचा काटा तर तारेने फिरतो, गिअरबॉक्समधून येणाऱ्या. गाडी उभी असताना तो हलायचं कारणच नाही. तो सत्तरवर थरथरत होता. मी बॅटरी काढली. बॅटरी काढली की गाडी मेली, हे शेंबडं पोरही सांगेल. काटे होते तिथेच राहिले. चार्जिंगचा काटा डावीकडे. काहीतरी जातंय. बॅटरीच नाही, तर जातंय कुठून?

मिस्त्रीला विचारायला गेले. तो म्हणाला, तुझं काम झालंय ना, मग उगाच उकरत बसू नकोस. आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी समोरच्या खिडकीतला पडदा बाजूला झालेला दिसला. मालकीणबाई गजांना धरून उभ्या होत्या. वर्षभर अंथरुणाला खिळलेली बाई.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहितानाही स्वतःची लाज वाटते, पण लिहिते. आज दुपारी गाडीत बसले असताना नुसता चाळा म्हणून माझी नाडी मोजली. बहात्तर. वेगाचा काटा बहात्तरवर होता. गाडीतून उतरून लोखंडी जिना दोनदा पळत चढले-उतरले आणि धापा टाकत पुन्हा बसले. एकशे पंधरा. नाडीही तेवढीच. मी श्वास घेत बसून राहिले आणि तो काटा माझ्याबरोबर हळूहळू खाली येत गेला.

गरमीचा काटा निळ्या खुणेत आहे. मलाही दोन स्वेटर घालून थंडी वाजते.

पेट्रोलचा काटा पाऊण टाकीवर आलाय. चार दिवसांत पाव टाकी संपली. पण टाकी कोरडी आहे.

मग ती कसली टाकी आहे, हे मला कळलं. कळलं तेव्हा काटा एकशे तीसवर गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घाबरून भागत नाही, बिघाड शोधावा लागतो. वायर धरून चालत राहायचं, ती कुठेतरी पोचवतेच. ती काळी अर्थ वायर मी बोटांनी चाचपत निघाले. ती बॉडीला लागतच नाही. डॅशबोर्डखालून दाराच्या खांबात शिरते, तिथून गाडीच्या तळाखाली, तिथून शेडच्या भिंतीवर. वर रंग मारलाय, म्हणून कोणाला दिसत नाही. भिंतीवरून ती सरळ वर मालकांच्या घरात जाते. मालक बाहेर गेले होते. मी वर गेले. वायर मालकीणबाईंच्या लोखंडी पलंगाच्या पायाला गुंडाळलेली होती. टेप नेटकी, अगदी नेटकी.

बाई पलंगावर नव्हत्या. आरशासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या. गाल लाल, डोळे टवटवीत. आरशातूनच त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या की तू बरी निघालीस, आधीचा फार लवकर संपला. भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलल्या.

मी पक्कड काढली आणि तिथल्या तिथे ती वायर कापली. पुढचं नीट आठवत नाही. कोणीतरी बुक्का मारून छातीतला श्वास काढून घ्यावा तसं झालं. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर होते आणि माझेच हात कापलेली दोन टोकं धरून जोडत होते. जोडल्यावर श्वास आला. त्या बाईने विंचरणं थांबवलंसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच बॅग घेऊन निघाले. गेली नोकरी खड्ड्यात. ताईकडे जाते, भिंगरीला कुशीत घेते, मजुरी करते.

बस गावाबाहेर पडली तशी बोटं बधिर झाली. दहा मैलांवर दिसेनासं झालं. पुढे कंडक्टरने बस थांबवून मला रस्त्याच्या कडेला बसवलं. माझं अंग इतकं गार पडलं होतं की त्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मला कळत होतं काय होतंय. वायर जितकी लांब, तितकी वाटेतली गळती जास्त. शाळेतला धडा आहे.

मालकांची गाडी मागेच होती. मला आणायला आले होते, हसत. म्हणाले, सगळेच एकदा प्रयत्न करतात.

काटा निम्म्याच्याही खाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जमलं! देवा, जमलं!

रात्रभर विचार केला. करंट एका बाजूने जातोय, तर टोकं उलटी केली की तो उलटा यायला हवा. सकाळी मालक ऑफिसात असताना गाडीत घुसले. डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी चार्जिंगच्या मीटरमागच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या. चार्जिंगचा काटा थरथरला आणि शून्य ओलांडून उजवीकडे गेला. उजवीकडे! माझ्याकडे येतोय! मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हुंदके देऊन रडले.

दुपारी दोन घास जास्त गेले. समोरचा पडदा दिवसभर बंद होता, म्हणे बाईंचं डोकं दुखतंय. दुखू दे. उद्या परवापर्यंत अंगात जोर आला की निघायचं. पण एकटीने बसचा प्रवास झेपेल असं वाटत नाही, म्हणून ताईला फोन केला, भिंगरीला घेऊन शनिवारी ये, मला घेऊन जा. भिंगरीने मागून ओरडून विचारलं, मांजर आणलं का.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जोर येत नाहीये. जिना उतरताना तीनदा बसले.

आज मिस्त्री आपणहून गाडीजवळ आला. मीटरमागे वाकून पाहिलं आणि जमिनीवर थुंकला. म्हणाला, तू करंट उलटा केला नाहीस बाई, नुसता चार्जिंगचा मीटर उलटा जोडलास. काटा उलटा दाखवतो. जायचं ते जातंच आहे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं.

मला कळायला हवं होतं. बाबांनी हे मला हजारदा सांगितलं होतं. पेट्रोलच्या काट्याकडे मी दोन दिवस बघितलंच नव्हतं, बघायची हिंमत नव्हती. पावच्या खाली आहे.

मग मिस्त्री बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे न बघता, खालमानेने. पहिला वायरमन तोच. डावीकडून टेप गुंडाळणारा. मालकीणबाई तेव्हाही मरायला टेकल्या होत्या. ही गाडी कुठून आली ते त्यालाही माहीत नाही. वायर तोंडात धरली की लागण होते, पुढे मीटर जोडलेले असले काय नि नसले काय. सुटायची वाट एकच. दुसऱ्या कोणीतरी ती वायर तोंडात धरली की पहिला मोकळा होतो, गेलेलं सगळं परत मिळतं. त्याने दुसऱ्या वायरमनला बोलावून घेतलं आणि स्वतः सुटला. नंतर पुढचे दात काढून टाकले. दुसरा आणि तिसरा पुरले तेवढे पुरले. चौथा गेल्या वर्षी, खारकेसारखा सुकून, याच सीटवर. मी विचारलं, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर मालकांनी मला पुन्हा बसवलं असतं, वायर काय, हिरड्यांतही धरता येते. म्हणूनच आम्ही कोणी नाव विचारत नाही.

जाता जाता म्हणाला, एखादी जाहिरात दे, कोणी ना कोणी येतंच.

खोलीत येऊन मी जाहिरात लिहायला घेतली. खोटं कशाला बोलू, भिंगरीसाठी घेतली. "वायरिंगचा माहीतगार पाहिजे, राहायची सोय" एवढं लिहून झालं. मग कोणाचा तरी खांदा दिसला, हत्यारांच्या पेटीने मोडलेला. फाडून टाकलं. फाडल्याचा पस्तावाही होतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईला येऊ नको सांगायला हवं. फोन सापडत नाही.

खिडकीतून हाक मारून मालकांना विचारलं. ते म्हणाले, चार्जिंग संपलं होतं, खाली ऑफिसात लावलाय, आराम कर. मागितला. म्हणाले, देतो ना, घाई काय आहे. ताईचा नंबर मला पाठ नाही. कोणाला असतो हल्ली. डेंटरला खुणा केल्या, त्याने मान फिरवली. पेंटरने फडकं आणखी वर ओढलं.

जिना उतरायला गेले. चौथ्या पायरीवर पडले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मिस्त्रीने गाडीचे मीटर काढून वर आणले आणि माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाला, इथे तरी दिसेल, किती आहे ते. दया म्हणून आणले की छळ म्हणून, कळत नाही. मागे तुटक्या वायरी लोंबतायत, कशालाच जोडलेल्या नाहीत.

काटे चालूच.

पेट्रोल लाल खुणेला टेकलंय. वेग अठ्ठेचाळीस. गरमी नाही.

समोरच्या अंगणात बाई फेऱ्या मारतायत. अनवाणी. मध्येच उडी मारली, लहान मुलीसारखी.

उद्या शनिवार. बस चुकू दे. देवा, त्यांची बस चुकू दे —

२२ फेब्रुवारी, शनिवार

बस चुकली नाही.

ताईने मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. भिंगरी आधी जवळ आली नाही. मग आली. तिचे हात किती गरम. मी तिला धरलं आणि सोडवेना.

ताईला सांगितलं, आत्ता, या क्षणी तिला घेऊन परत जा. वायर, पलंग, काटे, सगळं सांगितलं. ती रडत माझ्या कपाळावर हात फिरवत राहिली. तापात बडबडतेय म्हणाली. तुला असं टाकून मी जायची नाही म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, पण आवाजच निघाला नाही.

मालकीणबाई दूध घेऊन वर आल्या. भिंगरीचा गाल दोन बोटांत धरला. म्हणाल्या, केवढं आयुष्य आहे गं हिच्यात. आईचं काम येतं का, विचारलं. आणि माझी गुणी, माझी वेडी पोर — मोठ्या अभिमानाने म्हणाली, मला वायर सोलता येते, आईसारखी, दातांनी.

ताईकडून शपथ घेतली आहे. पोरीला या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी. ताईने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शेवटी कशीबशी कबूल झाली, उद्या सकाळीच निघतायत दोघी.

मी जागी राहणार आहे. मी —

२३ फेब्रुवारी, रविवार

झोप लागली. कशी लागली — ते दूध, मीही प्यायले —

जागी झाले तर खिडकीत ऊन. किती वेळ झाला कोण जाणे. बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय. हात गरम आहेत. अक्षर बघ, सरळ येतंय. भूक लागलीय, सणकून. तोंडाला चव आहे. उठून बसले, चक्कर नाही. ताप उतरल्यासारखं —

उशाशी ताईची चिठ्ठी. तू शुद्धीवर येईनास म्हणून डॉक्टरांना आणायला मालकांबरोबर जातेय, भिंगरी तुझ्या शेजारी झोपली आहे, बाई दाराशी बसल्यात, काळजी करू नकोस.

शेजारी कोणी नाही. पांघरूण अजून गरम.

जिन्यात असेल. खाली मांजर बघायला —

काटे. टेबलावरचे काटे बघितले. पेट्रोल वर चढलंय. वर, अजून वर. भरलेली टाकी. खुणेच्याही पुढे.

माझं परत मिळालं. म्हणून बरं वाटतंय. माझं मला परत —

वेग एकशे दहा. नाडी मोजली. सत्तर. पुन्हा मोजली. माझी सत्तर. काटा एकशे दहा. एकशे अठरा. लहान पोरांची नाडी मोठ्यांपेक्षा जोरात चालते, ती घाबरली की आणखीच

भिंगे आई आली मी येतेय सोड ती थुंक ती तोंडातून थुंक